येऊ-का गुरुजी

चौथीत असताना आम्ही आमच्या गुरुजींना एक सबंध सकाळ वर्गाबाहेर बसवलं होतं.

वर्गात येताना मुलांनी विचारायचं, हे सगळ्याच शाळांत असतं. आमच्याकडे गुरुजीही विचारायचे. दाराशी थांबायचे, चपला काढायचे, खडूचा डबा छातीशी धरून म्हणायचे, "येऊ का?" आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडायचो, "या!" मग ते आत यायचे. त्या दिवशी माझा चुलतभाऊ दत्तू मागच्या रांगेतून म्हणाला, "नको." वर्ग हसला, आणि लगेच गप्प झाला, कारण गुरुजी आत आलेच नाहीत. "बरं," म्हणाले आणि पायरीवर जाऊन बसले.

थोड्या वेळानं आम्ही पोरी रडकुंडीला आलो. "या ना गुरुजी," म्हणू लागलो. तर म्हणाले, "ज्यानं नको म्हटलंय त्याला विचारा." दत्तूची तर दातखीळ बसली होती. 'या' म्हटलं तर मार बसेल आणि नाही म्हटलं तर काय होईल ते कळत नव्हतं. मधल्या सुट्टीच्या सुमाराला तपासणीचे साहेब आले. गुरुजीच शाळेचे हेडमास्तर, त्यांना पायरीवर बसलेलं बघून साहेबांनी विचारलं, "गुरुजी, बाहेर कसे?" गुरुजी उठून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "आत यायची परवानगी नाही अजून." साहेबांनी त्याचा जो काही अर्थ लावला असेल तो लावला, आणि गुरुजींची वेतनवाढ त्या वर्षी अडकली.

दत्तूला मार पडला नाही. गुरुजींनी जाताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "नको म्हणायला धाडस लागतं." तेव्हा दोन मुस्काटात ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. हा दत्तू पुढे आमच्या गावचा सरपंच झाला.

गुरुजी मूळचे आमच्याकडचे नव्हेत. इंदापूरकडच्या उघड्या रानातले. बदली होऊन मुळशीत आले तेव्हा त्यांनी एवढी झाडी एकत्र कधी पाहिलेली नव्हती. गावाबाहेर रस्त्याला लागून आमच्या वाघजाईची राई आहे. पहिल्याच आठवड्यात गुरुजी संध्याकाळचे फिरायला म्हणून चपलांसकट सरळ आत निघाले. माझी आत्या तिथं शेरडं घेऊन बसली होती. ती ओरडली, "ओ मास्तर, कुनाला इचारलं?"

राईच्या तोंडाशी एक जुना बेहडा होता. दोन माणसांच्या कवेत मावायचा नाही एवढा. त्याला आम्ही दाराचा बेहडा म्हणायचो. आत जायचं तर त्याच्याखाली चपला काढायच्या, थांबायचं, आणि म्हणायचं, "येऊ का गं आई?" मग काहीतरी हलेपर्यंत थांबायचं. पान पडलं, पाखरू उडालं, खार पळाली, की झाली परवानगी. खरं सांगायचं तर आम्ही गावातले लोक विचारल्यासारखं करतो आणि पान पडायच्या आधीच पाय टाकतो. आमचं काम असतं, आम्हाला घाई असते. आत्यानं गुरुजींना त्या दिवशी थांबवलं आणि ते थांबले. अंधार पडायला आला तरी काही हललं नाही. तेव्हा ते परत गेले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन उभे राहिले. एका पोपटानं कधीतरी पंख झाडले, तेव्हा आत गेले.

त्या दिवसापासून त्या माणसाला विचारायचं वेड लागलं ते लागलंच. एसटीत बाजूची जागा रिकामी असली तरी पलीकडच्या माणसाला विचारायचे, "बसू का?" आमच्या अंगणातून शाळेची आडवाट होती, तिथून रोज जायचे आणि रोज विचारायचे. शेंगा वाळत घातल्या असतील तर शेंगांना वळसा घालण्याआधीही विचारायचे. घरात कुणी नसलं तर आल्या वाटेनं परत जाऊन लांबच्या रस्त्यानं शाळा गाठायचे. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकू सांगायच्या, "लग्नात गळ्यात मंगळसूत्र घालायची वेळ आली तर हे मला विचारतायत, घालू का म्हणून. भटजी बघतच राहिले. मी लाजून मान खाली घातली, तर ह्यांना वाटलं नाही म्हणतेय." आता लग्न तर बदलीच्या कितीतरी आधीचं. म्हणजे हा रोग मुळातच अंगात असणार, आमच्या राईनं त्याला नुसतं खतपाणी घातलं. गावानं नाव पाडलं, येऊ-का गुरुजी.

हे सगळं ऐकायला गोड वाटतं. जवळ राहणाऱ्यांना ते तितकं गोड नव्हतं. जो विचारत नाही त्याला ते मनातून कायमचे काढून टाकायचे. त्यांच्या मुलानं हिंजवडीत फ्लॅट घेतला, तो यांना न विचारता. वास्तुशांतीला गुरुजी गेले नाहीत आणि नंतरही कधी नाहीत. काकू एकट्या जायच्या, नातवाला मांडीवर खेळवून यायच्या आणि घरी आल्यावर त्याच्याविषयी अवाक्षर काढायच्या नाहीत. सून फोनवर म्हणायची, "बाबा, या ना." हे म्हणायचे, "मी विचारलंय कुठं अजून." असल्या माणसापुढे कुणी काय बोलायचं.

माझं माहेर आणि सासर एकाच गावात, मध्ये फक्त ओढा. नवऱ्याची उरवड्याच्या कारखान्यातली नोकरी सुटली तेव्हा मी राईसमोरच्या मोकळ्या जागेत पत्र्याचं शेड टाकून चहा, भजी आणि पिठलं-भाकरी सुरू केली. शेड टाकायच्या आधी गुरुजींनी मला विचारलं, "ग्रामपंचायतीला विचारलंस?" विचारलं होतं. "आणि तिला?" म्हणजे देवीला. तिलाही विचारलं होतं. तेव्हा कुठं माझ्या हातचा चहा त्यांनी घेतला. रिटायर झाल्यावर त्यांचा मुक्काम जवळपास माझ्याच बाकड्यावर असायचा.

ती मोकळी जागा म्हणजे बेहड्याचं अंगण. शनिवार-रविवारी पुण्याहून गाड्या यायच्या, लवळ्याच्या कॉलेजांतली पोरं मोटारसायकलींवर यायची, रिह्याच्या फार्महाऊसवरची मंडळी उतरायची. सगळे तिथंच गाड्या लावायचे. बेहड्याची मुळं जमिनीवर आली होती, त्यांच्यावर चाकं चढायची. पावसाळ्यात चिखल इतका, की गाड्या रुतायच्या आणि ढकलायला आमचीच माणसं लागायची. पायात बूट, हातात बाटल्या, अशी माणसं बेहड्याखालून सरळ आत जायची.

गुरुजी बेहड्याखाली उभे राहायचे. कुणाला अडवायचे नाहीत, फक्त विचारायचे, "कुणाला विचारलंत?" लोक गोंधळायचे. एकदा एक मुलगा म्हणाला, "काका, पार्किंग फ्री आहे ना? मॅपवर तरी फ्री दाखवतंय." दुसऱ्यानं त्यांना पार्किंगवाला समजून हातात नोट कोंबली. ती परत द्यायला गुरुजी त्या गाडीमागे वळणापर्यंत धावत गेले आणि धापा टाकत परत आले. नोट हातातच. मी म्हटलं, "गुरुजी, त्यांना सरळ सांगा ना, बूट काढा, हितं गाडी लावू नका." ते म्हणाले, "सांगणारा मी कोण? त्यांनी विचारायला पाहिजे." मग मीच भज्यांचा झारा हातात घेऊन बाहेर जायची आणि सांगायची. माझं लोक ऐकायचे. झारा गरम असायचा.

दत्तू सरपंच झाला त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात त्यानं त्या जागेत मुरूम टाकायचं ठरवलं. त्याचे स्वतःचे डंपर होते, उरवड्याकडच्या बांधकामांवर चालायचे. येता-जाता थोडा मुरूम टाकायचा, वर खडी, रोलर फिरवायचा, बास. मलाही तो मुरूम हवा होता आणि त्यात आजही मला काही चूक वाटत नाही. गिऱ्हाईक चिखलातून येतं तेव्हा बसत नाही, चहा उभ्यानं पिऊन जातं.

पहिला डंपर आला तेव्हा गुरुजी बाकड्यावरून उठले आणि त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. दत्तू खाली उतरला.

"गुरुजी, बाजूला व्हा जरा."

"कुणाला विचारलंस?"

"ग्रामपंचायतीची जागा हाय, आन् मी सरपंच हाय. कुनाला इचारू? मलाच?"

"राईला लागून आहे ही जागा. वनखात्याला विचारलंस? तालुक्याला विचारलंस? ग्रामसभेत विचारलंस?"

"आवो, मुरूम हाय नुस्ता. बंगला न्हाई बांधत मी."

"मुरूम असो नाहीतर बंगला. विचारायला नको?"

दत्तू गुरुजींकडे बघत राहिला. मी शेडमधून बघत होते. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मग तो म्हणाला, "बरं. इचारतो." डंपर मागे वळला आणि जाताना माझ्या शेडचा एक वासा मोडून गेला.

गुरुजींनी त्या दिवशी जास्तीचा चहा घेतला. म्हणाले, "विचारणार नाही तो. आणि विचारलंच, तर नाही म्हणतील. राई आहे ती, सरकारला कळतं." मी चिडलेली होते. म्हटलं, "तुमचं काय जातंय? चिखल माझ्या दारात हाय." त्यांनी विचारलं, "बोलू का?" मी म्हटलं, "नका बोलू." त्यानंतर कितीतरी दिवस ते येऊन मुकाट बसायचे, चहा प्यायचे आणि जायचे. शेवटी मलाच "बोला आता" म्हणावं लागलं.

दत्तूनं खरंच विचारलं. आणि गंमत म्हणजे कुठं, कसं, कोणत्या टेबलावर विचारायचं हे त्याला गुरुजींनीच सांगितलं. अर्ज गुरुजींच्या अक्षरात गेला. दत्तूच्या मोटारसायकलवर मागे बसून गुरुजी तालुक्याला जायचे. छत्री मिटलेली, टोपी खिशात घातलेली, पिशवीत काकूंनी दिलेली भाकरी. साहेबांच्या केबिनच्या दाराशी उभे राहून ते विचारायचे, "येऊ का?" साहेब मान वर करायचे नाहीत, आणि हे तिथंच उभे. तेवढ्यात दत्तू शेजारच्या केबिनमध्ये जाऊन, बसून, हसून, काम करून यायचा. परत आल्यावर मी विचारायची, काय झालं? गुरुजी समाधानानं सांगायचे, "रीतसर चाललंय." दत्तू कांदाभजी मागवायचा.

मग कचेरीनं विचारलं, राईची हद्द कुठपर्यंत? ते कुणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे देवाच्या जागेला मोजायची फीत लावायची नाही, अशी रीत आहे. शेतांचे बांध मोजतात, घरांची जोती मोजतात, राई कुणी कधी मोजली नाही. जिथपर्यंत अनवाणी चालायचं तिथपर्यंत ती देवीची, एवढंच. आत्या तेव्हा अगदी म्हातारी झाली होती, काठी टेकत माझ्या शेडपर्यंत आली आणि गुरुजींना म्हणाली, "मास्तर, मोजू नगा. मोजलं की संपतं."

गुरुजी म्हणाले, "मोजल्याशिवाय देवीचं किती ते सरकारला कसं कळणार? एकदा दगड रोवले की कुणाची हिंमत नाही आत यायची."

मोजणीवाले आले. तीन पायांवर यंत्र उभं केलं, एकानं लांब पट्टी धरली, दुपारपर्यंत काम उरकलं. माझ्याकडे पिठलं-भाकरी जेवले, चांगली माणसं होती. त्यांनी लाल रंग लावलेले दगड रोवले. राई वनखात्याच्या हद्दीत निघाली, सगळी सुरक्षित. फक्त दगडांची ओळ बेहड्याच्या मागून गेली. राई आत राहिली आणि दार बाहेर पडलं.

गुरुजी त्या दगडाजवळ बराच वेळ उभे होते. मग येऊन म्हणाले, "हरकत नाही. बेहडा ग्रामपंचायतीच्या जागेत आहे. म्हणजे आपल्याच."

परवानगी आली ती पुढच्या हिवाळ्यात. कागद घेऊन दत्तू शेडमध्ये आला आणि गुरुजींपुढे ठेवला. मुरूम टाकणं हे काही मंजूर करण्यासारखं काम नसतं, असं कळलं. विचारलं नसतं तर डंपरभर मुरमात भागलं असतं. विचारल्यावर ते पर्यटनाच्या कुठल्याशा योजनेत बसलं, आणि योजनेत वाहनतळ म्हटला की काँक्रीट, वर पेव्हर ब्लॉक, दगडी संरक्षक भिंत, शौचालय, दिव्यांचे खांब आणि एक कमान. गाड्या वळायला जागा सोडायची, म्हणून आड येणारं झाड काढायची रीतसर परवानगी सोबत जोडलेली. बदल्यात रोपं लावायची. कुठं लावायची तेही लिहिलेलं होतं, आमच्यापासून लांब, पलीकडच्या डोंगरावर.

गुरुजींनी कागद सावकाश वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. एकेका शिक्क्यावर बोट ठेवून पाहिलं. सगळं खरं होतं.

मी म्हटलं, "वरच्या साहेबाकडं जा. तक्रार करा. तुमाला सगळी टेबलं म्हाईत हायेत."

"कशाची तक्रार करू?" ते म्हणाले. "आपण विचारलं, त्यांनी उत्तर दिलं. आता उत्तर आवडलं नाही म्हणून पुन्हा विचारायचं, हे बरं दिसतं का?"

माझं डोकंच फिरलं. मी त्यांना वाटेल ते बोलले. ते ऐकून घेत होते. दत्तू खाली बघून भजी खात होता.

पण बेहडा पडला नाही. कारण तोडायला कुणी तयार होईना. वरच्या वाडीतली माणसं आमच्याकडची सगळी लाकडं तोडतात. त्यांनी दत्तूला तोंडावर सांगितलं, "दाराच्या झाडाला आमी हात लावनार न्हाई. देवीनं व्हय म्हनू दे, मग बघू." दत्तूनं बाहेरची माणसं आणायचं म्हटलं, तर गावातच कुरबुर सुरू झाली. त्याचे सदस्यही कुणी पाहुण्यांकडे गेले, कुणाच्या कंबरेत लचक भरली. काँक्रीटचा ठेकेदार रोज फोन करायचा आणि दत्तू रोज उद्या म्हणायचा. कागदावर शिक्के मारून झाड पडत नसतं हे बघून मला इतका आनंद झाला, की मी त्या आठवड्यात गुरुजींना माफसुद्धा केलं.

आणि नेमकं तेव्हाच आत्यानं तोंड उघडलं. फाल्गुन लागला होता. ती शेडमध्ये उन्हाला बसली होती, गुरुजी समोरच्या बाकड्यावर. ती सहज म्हणाली, "मास्तर, तुमी समद्यांना इचारलं. तालुक्याला इचारलं, जिल्ह्याला इचारलं. हिला इचारलं का?"

गुरुजींचा चेहरा मी कधी विसरणार नाही. सगळं आयुष्य विचारण्यात घालवलेला माणूस. शेंगांना विचारून पुढे जाणारा. आणि अर्ज लिहिल्यापासून मोजणीपर्यंत एकदाही तो बेहड्याखाली उभा राहून हे विचारायला गेला नव्हता. त्यांनी कप खाली ठेवला आणि उठले.

आत्या घाबरली. "आत्ता न्हाई, मास्तर. पालवी फुटू द्या, मग इचारा." कारण फाल्गुनात बेहड्याची पानं गळत असतात. सतत गळतात, वारा नसला तरी. त्या दिवसांत गावात कुणी राईत मोठं काही विचारत नाही, हे आम्हाला दूध पितानाच कळतं. आत्या म्हणायची, आत्ता ती कशाला बी व्हय म्हनती. गुरुजींनाही हे चांगलं माहीत होतं. त्यांनीच ते आम्हाला वर्गात शिकवलं होतं, पानझडीच्या धड्याच्या वेळी.

मी शेडमधून बाहेर आले, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "गुरुजी, आज नको."

"बाजूला हो."

"नको म्हनतीय ना मी. चैत्रापर्यंत थांबा."

"आत्तापर्यंत विचारलं नाही, हीच चूक झाली. आता एक क्षण थांबायचं नाही."

दत्तूचं नको त्यांनी ऐकलं होतं, सबंध सकाळ. माझं ऐकलं नाही. ते मला वळसा घालून गेले, चपला काढल्या, बेहड्याखाली उभे राहिले आणि हात जोडले. टोपी हातात होती. मला त्यांचा आवाज ऐकू आला, स्पष्ट, वर्गात यायचा तसा. "आई, हे झाड तोडू देऊ का?"

पान पडलं. मग दुसरं पडलं. मग त्यांच्या डोक्यावर, खांद्यावर, पायाशी पडतच राहिली. ते तसेच उभे होते. कितीतरी वेळानं परत आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "हो म्हणाली," आणि घरी निघून गेले. चपला तिथंच राहिल्या. आत्यानं कपाळावर हात मारून घेतला.

ही बातमी दत्तूला कुणी सांगितली ते मला माहीत नाही. मी नाही सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वरच्या वाडीत गेला आणि म्हणाला, "गुरुजींनी सोता इचारलं. देवीनं व्हय म्हनलं." गुरुजींवर अविश्वास कोण दाखवणार? तो दिवस मावळायच्या आत बेहडा आडवा झाला. माणसांनी आधी नारळ फोडला, मग यंत्राची करवत लावली. गुरुजी रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभे होते. झाड पडल्यावर राईत एकदम ऊन शिरलं आणि आतला देवीचा तांदळा, शेंदूर फासलेला दगड, रस्त्यावरून दिसायला लागला. तो कधी रस्त्यावरून दिसलेला नव्हता. आत्या उन्हाळा काढू शकली नाही.

पावसाच्या आत वाहनतळ पुरा झाला. चांगला झालाय, खोटं कशाला बोलू. चिखल नाही, गाड्या रुतत नाहीत, माझं गिऱ्हाईक वाढलं. उद्घाटनाला दत्तूनं मोठा फ्लेक्स लावला. वर पुढाऱ्यांचे फोटो, मध्ये दत्तू, आणि खाली डाव्या कोपऱ्यात टोपीतले गुरुजी. त्यांच्याखाली लिहिलं होतं, "आदरणीय गुरुजींच्या अथक पाठपुराव्याला यश." फीत कापायला त्यांनाच बोलवायचं ठरलं होतं. दत्तूनं हे टोचायला केलं असं लोक म्हणाले. मला तसं वाटत नाही. त्याला खरंच वाटत होतं की गुरुजींचा मान आहे. ते जास्त वाईट आहे.

गुरुजी त्या दिवशी आले नाहीत. आले ते दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सकाळी. कमानीपर्यंत आले आणि थांबले. चपला काढाव्यात की नाही हे त्यांना कळत नव्हतं. एकदा पेव्हर ब्लॉककडे बघितलं, एकदा लांब आतल्या झाडांकडे. पूर्वी जिथं थांबायचे ती जागा शोधत त्यांची नजर फिरत होती, आणि तिथं पांढऱ्या पट्ट्यांमध्ये गाड्या उभ्या होत्या. शेवटी कमानीखालीच उभे राहून ते हळू आवाजात म्हणाले, "येऊ का?"

पावत्या फाडायला ठेकेदारानं ठेवलेला माणूस खुर्चीवर बसला होता. बिहारकडचा असावा, नवा होता बिचारा, कुणाला ओळखत नव्हता. त्यानं मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "जाइए ना चाचा. गाड़ी नहीं है तो आपका क्या लगेगा."

विचारलं होतं आणि उत्तरही आलं होतं. गुरुजींनी मान हलवली, छत्री काखेत घेतली आणि आल्या वाटेनं परत गेले. मी हाक मारली, "गुरुजी, चहा घ्या." त्यांनी वळून पाहिलं नाही. त्यानंतर ते ना राईत गेले, ना माझ्या बाकड्यावर आले. काकू सांगायच्या, घरातसुद्धा विचारत नाहीत हल्ली. ताट वाढलं की जेवतात, दिवा मालवला की झोपतात. "इतकी वर्षं मी ह्या विचारण्याला कंटाळले होते," काकू म्हणाल्या, "आता तेही नाही."

हिवाळ्यात ते गेले. मुलगा हिंजवडीहून आला. त्या दिवशी त्यांच्या दोन खोल्यांत गाव भरभरून शिरलं. पायातल्या चपलांचा ढीग उंबऱ्यावर पडला होता, आणि आत येताना कुणालाच काही विचारायचं सुचलं नाही. मला सुचलं, पण मीही विचारलं नाही. विचारण्याचा मला तोवर वीट आला होता.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर दत्तू माझ्या शेडमध्ये येऊन बसला. त्याच बाकड्यावर. मी चहा दिला. दोन घोट घेऊन वाहनतळाकडे बघत म्हणाला, "एक सांगू? त्या दिवशी मुरमाच्या गाडीफुडं उभं ऱ्हाऊन गुरुजी नुस्तं 'नको' म्हनले असते ना, तर मी मुरूमसुदिक टाकला नसता. गाडी वळवून घरी गेलो असतो. त्यांचं नको मी मोडलं नसतं. पन ते म्हनले, इचारलं का. मग मी इचारलं."

त्याचा आवाज खरा होता. डोळ्यांत पाणीही होतं, आणि त्या पाण्याचीच मला जास्त चीड आली. मी पुढे झाले आणि त्याच्यासमोरचा कप उचलला. अर्धा भरलेला होता. मोरीत ओतून टाकला.

"अगं, प्यायचा व्हता मला," तो म्हणाला. "इचारायचं तरी."

मी कप विसळला आणि फळीवर पालथा घातला.